युरोपात पाळलेलं सुतक

आमची परदेशवारी कशी झाली असं कोणी विचारलं की आमचे हे लगेच मोबाईल काढून फोटो दाखवायला लागतात. बर्फाचे डोंगर, निळी तळी, भाड्याने घेतलेली लाल गाडी आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले हे. मी फोटोत फारशी नाही, कारण काढत होते मीच. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय मजा केली दोघांनी. मजा कसली डोंबलाची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या प्रवासात भांडले तेवढी मी ह्यांच्याशी कधीच भांडले नव्हते. आणि खरं सांगायचं तर माझा राग अजून गेलेला नाही.

मी महाडला शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. हे सरकारी खात्यात होते, तेही निवृत्त. ह्यांचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथे थोडी जमीन, एक घर आणि भलीमोठी भावकी. आमची एकुलती एक मुलगी हॉलंडला असते. तिला मुलगी झाली, तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिलं बाळंतपण आईने करायचं, ही आपल्याकडची रीत. दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून मी मनाने तिकडेच होते. डिंक, अळीव, नाचणीचं सत्त्व, सगळं जमवून ठेवलं होतं. आणि नेमकं तेव्हाच ह्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन काढलं. डॉक्टर स्वतः म्हणाले होते की घाई नाही, दोन-तीन महिन्यांनी केलं तरी चालेल. पण ह्यांना ते लगेच हवं होतं, कारण पुढे गाडी चालवायची होती. गाडी कुठली, तर युरोपातली. ते खूळ ह्यांच्या डोक्यात निवृत्तीपासून होतं. मग माझ्याऐवजी विहीणबाई गेल्या. त्यांनी माझ्या लेकीला न्हाऊ-माखू घातलं आणि मी इकडे ह्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत बसले. नातीचं पहिलं रडणं मी फोनवर ऐकलं.

पुढे आम्हा दोघांचा व्हिसा आला तर ह्यांचा बेत तयार. विमानाने स्वित्झर्लंडला उतरायचं, तिथून गाडी घेऊन ऑस्ट्रिया, मग जर्मनी, आणि सगळ्यात शेवटी हॉलंड. मुलीकडे चार दिवस, आणि तिथूनच विमानाने परत.

मी म्हटलं, "आधी मुलीकडे जाऊ. डोंगर कुठे पळून जाणार आहेत का?"

"एकदा पोर हातात आलं की तू तिथून हलायची नाहीस," हे म्हणाले. "मग माझं फिरणं राहिलंच."

ते खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला. मला फक्त एवढंच हवं होतं की त्या बाळाला एकदा मांडीवर घ्यावं. बाकी तुमचा युरोप तुम्हाला लखलाभ. पण तिकिटं ह्यांनी काढली होती, मग चाललंही ह्यांच्याच मनासारखं.

वीर स्टेशनला जायला रिक्षा बोलावली तेव्हा ह्यांनी माझ्या बॅगेतून नाचणीच्या सत्त्वाची एक पिशवी काढून घरात ठेवली, वजन जास्त होतंय म्हणून. स्वतःच्या बॅगेत मात्र गाडी चालवायचे हातमोजे घेतले होते. मुंबईला विमानतळावर पोचेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

गाडी हे चांगली चालवतात, ते मी नाकारत नाही. आंबेनळी घाटात भर पावसात, दरडी पडत असताना ह्यांनी गाडी काढलेली आहे. तिकडे तर रस्ते असे की त्यावर पापड वाळत घालावेत. फक्त सगळं उजव्या बाजूने, आणि पहिले दोन दिवस हे प्रत्येक वळणावर डावीकडे ओढायचे. मी ओरडले की म्हणायचे, "तू नकाशा बघ." नकाशा म्हणजे ह्यांचाच मोबाईल, तो माझ्या हातात. बोगदा आला की, "आपला कशेडीचा बोगदा ह्याच्यापुढे काय कमी आहे?" तळं आलं की, "पाणी बघ, पाणी." मी बघायची आणि मनात म्हणायची, माझी नात तिकडे आता कुशीवर वळायला लागली असेल आणि मी इथे पाणी बघतेय.

जर्मनीत शिरलो त्या दिवशी सकाळी एका पेट्रोल पंपावर थांबलो. हे खाली उतरून पेट्रोल भरत होते, तिकडे आपलं आपणच भरायचं असतं. मोबाईल माझ्या हातात. तेवढ्यात वरती मेसेज आला, ह्यांच्या भावकीच्या ग्रुपवरचा. ह्यांचा चुलतभाऊ गेला होता.

हा चुलतभाऊ म्हणजे कोण, ते सांगायला हवं. गावाला आमच्या शेतावर जायची वाट त्याच्या बांधावरून जाते. त्या वाटेवरून दोन्ही घरांचं फाटलं, ते कोर्टापर्यंत गेलं. कित्येक वर्षं आमचं बोलणं नाही, जाणं-येणं नाही, लग्नाकार्याला नाही. तो पोलादपूरच्या बाजारात समोरून आला तर हे रस्त्याची बाजू बदलायचे. अशा माणसाचं सुतक.

आमच्याकडे भावकीत कोणी गेलं की दहा दिवस सुतक. देवाला हात लावायचा नाही, गोडधोड नाही, कोणाच्या घरी जायचं नाही, आणि तान्ह्या बाळाला तर शिवायचंही नाही. पण माणूस लांब असला तर त्याला कळल्यापासून ते धरतात. फार उशिरा कळलं तर नुसत्या अंघोळीवर भागतं. हे मला माहीत होतं. म्हणून मी मेसेज वाचला आणि मोबाईल मांडीवर पालथा घातला. मुलीकडचे चार दिवस होऊन विमानात बसलो की सांगू, असं मी त्या एका क्षणात ठरवून टाकलं. मला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

हे गाडीत येऊन बसले. "नकाशा का बंद केलास?" म्हणाले आणि मोबाईल माझ्या हातातून ओढून घेतला. वाचलं. आणि मी काही बोलणार तोच ह्यांचा अंगठा चालायलाही लागला होता. "भावपूर्ण श्रद्धांजली." पुढे हात जोडलेले. सगळ्या भावकीच्या आधी, पहिला नंबर. म्हणजे आता अख्ख्या भावकीला कळलं की ह्यांना कळलं.

"कशाला टाकलंत?" मी म्हटलं. "गप्प बसता येत नव्हतं?"

हे काचेतून समोर बघत बसले आणि थोड्या वेळाने डोळे पुसायला लागले. दोघं लहानपणी सावित्रीच्या डोहात बरोबर पोहायला शिकले होते म्हणे. ते मला त्या पंपावर पहिल्यांदा कळलं. क्षणभर मलाही वाईट वाटलं. पण मग वाटलं, रडायचं होतं तर तो जिवंत असताना त्याच्या दारात जाऊन रडायचं होतं. आत्ता इथे, माझ्या नातीच्या वाटेवर काय रडता?

मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि भावकीतल्या म्हाताऱ्या काकांना फोन लावला. विचारलं, आम्ही परदेशात आहोत, काय करायचं? स्पीकरवर काकांचा आवाज मी ऐकला. "सुतक म्हंजी सुतक रे. हितं काय नि तिथं काय. दहा दिस पाळायलाच लागतील." त्यांना काय, ते ओटीवर बसून सांगत होते.

मी बोटांवर मोजलं. दहावा दिवस परतीच्या विमानाच्या दुसऱ्या दिवशी येत होता. म्हणजे मुलीकडे जायचं, चार दिवस राहायचं आणि बाळाला हात न लावता परत यायचं. पुन्हा व्हिसा, पुन्हा तिकीट, ह्या वयात ते कधी जमणार, जमणार तरी का? तोवर ती पोर चालायला लागली असती.

मग जे जुंपलं ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाललं. मी म्हटलं, "माझा काय संबंध? तो माझा ना भाऊ ना दीर म्हणून कधी वागला." हे म्हणाले, "तू माझ्या गोत्राची." माझं गोत्र बदललं तेव्हा मला कोणी विचारलं होतं? माझे वडील गेले, ज्यांनी मला खांद्यावर घेऊन गांधारीच्या पुरातून शाळेत नेलं, त्यांचं मला सुतक तीन दिवस. आणि वाट अडवणाऱ्या ह्या माणसाचं दहा. मी हे असंच्या असं बोलून दाखवलं. हे म्हणाले, "मी नाही केले नियम."

"मग मोडा," मी म्हटलं.

"आणि शिमग्याला भावकीत तोंड कसं दाखवू?"

खरी गोम तिथे होती. शिमग्याला गावात देवाची पालखी निघते, तेव्हा पालखीपुढचा पहिला नारळ ह्यांच्या घराकडे असतो. वाटेचं भांडण झाल्यापासून चुलतभावाचं घर त्या मानावर टपून होतं. सुतक मोडल्याचं कळलं असतं तर तो नारळ हातचा गेला असता. एका नारळासाठी माझी नात.

आणि पाळत होते ते तरी कसं. पुढच्या गावात एक मोठं चर्च होतं, लोक लांबून लांबून बघायला येतात. ह्यांनी त्याच्या पायरीवर पाय ठेवला नाही. म्हणे, देवाचं ठिकाण. मी आत गेले, मुद्दाम सगळं बघून आले, आणि हे बाहेर बाकावर कबुतरं बघत बसले. दाढी वाढवायला घेतली. हॉटेलच्या नाश्त्याला केकचा तुकडा बाजूला सारला, कारण गोड. पण त्याच हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या म्हाताऱ्याशी हात मिळवून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मी विचारलं, "त्याला शिवलेलं चालतं?" तर म्हणाले, "त्याला कुठे आपलं काही असतं." गोऱ्या म्हाताऱ्याला चालतं, आणि आपल्या रक्ताच्या नातीला नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्यांच्या ताटातली उकडलेली अंडी उचलून माझ्या ताटात घेतली आणि खाल्ली. सुतकात खाऊ नका म्हटलं.

मुलीच्या गावात पोचलो तेव्हा दुपार होती. सपाट, टापटीप गाव, विटांच्या बुटक्या इमारती. ह्यांनी गाडी तिच्या इमारतीखाली लावली आणि चावी काढली नाही.

"मी हॉटेलात थांबतो," म्हणाले. "तू पण वर जायचं तर दारातून बघून ये. लांबूनच."

मी बॅग ओढली आणि निघाले. जिना अरुंद, उभा, आणि मी धापा टाकत चढत होते. त्या धापांमधूनही मला हसू येत होतं, कारण मी ठरवलं होतं की आत जायचं आणि आधी बाळ घ्यायचं, मग पाणी. ह्यांना काय करायचं ते करू देत.

दार मुलीने उघडलं. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. मी जिना चढत असताना ह्यांनी गाडीतून तिला फोन केला होता. आईला सुतक आहे, बाळाला हात लावू देऊ नकोस.

मुलीच्या मागे विहीणबाई, बाळंतपणापासून त्या तिथेच होत्या, त्यांच्या खांद्यावर बाळ. पाठमोरं. एवढीशी मान आणि डोक्यावर मऊ काळं जावळ.

"या, बसा ना," विहीणबाई म्हणाल्या. "आमचं काही नाही हो. आम्ही कुठे एवढं मानतो. पण बाळ लहान आहे, मध्यंतरी सर्दीने हैराण झालं होतं. उगाच मनाला शंका नको." आणि बाळ घेऊन त्या हळूच आतल्या खोलीत गेल्या.

मी मुलीकडे बघितलं. ही मुलगी इंजिनीअर. कॉलेजात असताना मला शिकवायची, आई, हे सगळं बंद कर. ती म्हणाली, "आई, नको ना. मला माहितीये गं, हे काही खरं नसतं. पण उद्या तिला काही झालं तर माझ्या मनात तेच येत राहील."

ह्यांच्यावर चिडायला मला कष्ट पडत नाहीत. पण पोटच्या पोरीच्या तोंडून ते ऐकणं वेगळं. मी तिच्यावर ओरडू शकले नाही. तिने माझी बॅग घेतली, माझ्या जुन्या लुगड्यांचं मी शिवलेलं दुपटं त्यातून काढलं, आणि ते दोन बोटांनी धरून धुवायच्या मशीनमध्ये टाकलं. मी ते बघत उभी होते. घरून स्वच्छ धुऊन आणलेलं दुपटं.

मला चहा देऊन ती आत गेली. मी गॅलरीत जाऊन बसले. खाली ती लाल गाडी तशीच उभी, हे आतच होते, हॉटेलात गेलेच नव्हते. मला कोणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं. ह्यांच्याशी भांडून भांडून मी दमले होते. म्हणून मी गावाला फोन लावला. कोणाला, तर त्या गेलेल्या माणसाच्या बायकोला, माझ्या थोरल्या चुलतजावेला. तिचा नंबर मी वाटेत नकाशा बघताना ह्यांच्या ग्रुपवरून माझ्या मोबाईलमध्ये उतरवून घेतला होता. जिच्याशी इतकी वर्षं शब्द नाही, तिला मी विचारणार होते की बाई, जिवंत असताना वाट अडवलीत, आता मेल्यावरसुद्धा माझी वाट का अडवता?

तिने फोन उचलला आणि मी माझं नाव सांगितलं.

"भावोजी गेल्याचं कळलं," मी म्हटलं. तेवढं तरी म्हणायला हवं होतं.

"व्हय गो," ती म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "लेकीकडं गेलात ना? नात बघितलीस?"

"लांबून."

"लांबून का गो?"

"तुमचं सुतक आहे मला," मी म्हटलं. जेवढं विष घालता येईल तेवढं त्यात घातलं.

ती म्हणाली, "आमचं तर तिसऱ्या दिशी उरकलं सगळं. पोरांना कंपनीत सुट्टी नाय. भावकीनं पन मान डोलावली, काकांनी पन. घरात गोड झालं, देवाला दिवा लागला. तुझ्या मालकाला माज्या पोरानं फोन केला व्हता, काका, आमचं फिटलं, तुमी पन सोडा म्हनून. ते म्हनाले, तुमी तुमचं बघा, मी दहा पाळनार. तुला नाय सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. दोन रात्री हॉटेलात शेजारी झोपले, दिवसभर शेजारी गाडी चालवली, आणि माझं तोंड बघत गप्प बसले. का, ते मला न विचारता कळलं. सख्ख्या पोरांनी तीन दिवसांत गुंडाळलं आणि आम्ही परदेशात राहून दहा दिवस पाळलं, हे शिमग्याला चार माणसांत सांगायचं होतं. वाटेच्या त्या भांडणात, माणूस मेल्यावरसुद्धा, त्याच्यावर कुरघोडी करायची होती.

मी म्हटलं, "जाऊबाई, एक काम करा. हे सगळं परत एकदा सांगा." आणि आत जाऊन फोन स्पीकरवर टाकला, विहीणबाईंच्या समोर धरला. ती माउली पुन्हा सगळं पहिल्यापासून बोलली. वर म्हणाली, "घे गो पोरीला. जल्लं ते सुतक. माजा मानूस गेला, मी सांगते ना."

विहीणबाईंनी मुलीकडे बघितलं, मुलीने मान खाली घातली. मी हात पुढे केले. बाळ माझ्या हातात आलं.

ते वजन कसं सांगू? मी काही वेळ बसलेही नाही, तशीच उभी राहिले. तिच्या टाळूला दुधाचा वास येत होता. मुलगी रडत होती, तिला वाटलं मीही रडेन, पण मला रडू आलं नाही. मी इतकी संतापलेली होते की डोळ्यात पाणी यायला जागाच नव्हती.

जावई तेवढ्यात कामावरून आले. खाली गाडीत सासरे दिसले म्हणून त्यांनी विचारपूस केली, मग वर येऊन सगळं ऐकलं आणि पुन्हा खाली जाऊन ह्यांना घेऊन आले. हे आले ते मान खाली घालूनच. सरळ न्हाणीघरात जाऊन हातपाय धुतले, तोंड धुतलं, बाहेर आले. वाढलेली दाढी ओली. सोफ्यावर माझ्या शेजारी बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे," म्हणाले. "त्यांचंच फिटलंय तर मग आपलं कशाला."

मी बाळ छातीशी धरलं. "तुमचे दहा दिवस व्हायचेत," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंय तसं भावकीत."

"अगं, पण..."

"नाही. तिला सर्दी होते. उगाच शंका नको."

मुलगी म्हणाली, "आई, दे ना गं बाबांना." मी दिलं नाही. ह्यांचे हात थोडा वेळ तसेच राहिले, मग त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले.

चार दिवस मी त्या घरात राहिले आणि हेही राहिले. मी झोपलेली असताना, स्वयंपाकघरात असताना त्यांना बाळ घेता आलं असतं, मुलीने दिलंही असतं. एकदा दुपारी मी डोळे मिटून पडले होते तेव्हा हे पाळण्यापाशी येऊन उभे राहिले. मी डोळे किलकिले करून बघत होते. बाळाने मूठ उघडली, मिटली. ह्यांनी हात पुढे नेला आणि मागे घेतला. मी तेव्हा बोलले असते, घ्या, तर त्यांनी घेतलं असतं. मी कूस बदलली.

परतीच्या विमानात ह्यांनी मला खिडकीची जागा दिली, पाणी मागून दिलं, पांघरूण दिलं. मी सगळं घेतलं.

महाडला घरासमोर रिक्षातून उतरलो तर शेजारच्या वहिनी फाटकाशी उभ्याच होत्या. त्यांनी आधी ह्यांनाच विचारलं, "काय आजोबा, नात कशी आहे? कोणावर गेलीय?"

हे बॅगा उतरवत होते. "हिला विचारा," म्हणाले. "मी लांबूनच बघितली."

"माझ्यावर गेलीय," मी सांगितलं, आणि कुलूप उघडलं.